बोटीवरची पहिली पंगत

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी लग्नाच्या रिसेप्शनला हातात ताट घेऊन रांगेत उभी असले की कोणीतरी हमखास जवळ सरकतं आणि हळूच विचारतं, "अहो, तुम्ही क्रूझच्या सहली न्यायचात ना? तिथे पैसे वसूल करायचे म्हणजे नेमकं काय करायचं?" समोर पनीर संपत आलेलं असतं, तरी मी उत्तर देते. उत्तर माहीत असून गप्प बसणं आम्हा पुणेकरांना जमत नाही.

स्वारगेटजवळच्या एका सहल कंपनीत मी टूर मॅनेजर होते. नावात मॅनेजर असलं तरी कामात रुबाब फारसा नव्हता. पुण्यातून माणसं गोळा करायची, विमानाने सिंगापूरला न्यायची, तिथे बोटीवर चढवायची आणि जेवढी नेली तेवढी परत आणायची. मधल्या काळात त्यांचे हरवलेले चष्मे, बिघडलेली पोटं आणि 'आमच्याच खोलीला खिडकी का नाही' ही तक्रार सांभाळायची. मला सगळे 'ताई' म्हणत. रागावले की 'मॅडम' म्हणत. त्यावरून मला अंदाज यायचा.

ज्यांनी क्रूझ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिकिटातच खोली, जेवण, चहा, पाणी, संध्याकाळचे नाचगाण्याचे कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव हे सगळं आलेलं असतं. दारू, डब्यातली थंड पेयं, खास वेगळी उपाहारगृहं, इंटरनेट, मालिश आणि तुम्ही नको म्हणत असताना काढलेले फोटो यांचे पैसे वेगळे. गळ्यात एक कार्ड दिलेलं असतं. ते दाखवलं की जे मागाल ते समोर येतं, पैशाचं नावही कोणी काढत नाही. ते शेवटच्या दिवशी काढतात. म्हणून मी निघण्याआधीच्या बैठकीत सांगायचे की कार्ड खिशात ठेवा आणि खिसा खोलीत ठेवा.

दारूच्या पॅकेजबद्दल मात्र कितीही सांगितलं तरी लोक आपलंच खरं करायचे. पॅकेज म्हणजे ठरावीक पैसे आधी भरायचे आणि मग हवं तितकं प्यायचं. त्यात एक अट असायची. खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यानेही घ्यायलाच हवं, कारण एकाने पैसे भरायचे आणि दोघांनी प्यायचं ही युक्ती कंपनीला आपल्या आधी सुचलेली असते. कोथरूडचे एक निवृत्त बँक अधिकारी होते, त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांनी हौसेने पॅकेज घेतलं. नियमाने त्यांच्या पत्नीला, माईंनाही घ्यावं लागलं. माईंनी आयुष्यात सोडासुद्धा नाक मुरडून प्यायलेला. दुसऱ्याच दिवशी नानांना पित्त झालं आणि ते ताक शोधत फिरू लागले. ते बोटीवर मिळेना. माई मात्र रेशमी काठाची साडी सावरून बारच्या उंच खुर्चीवर जाऊन बसल्या. दारू नसलेली जेवढी सरबतं, फळांचे रस आणि फेसाच्या कॉफ्या बारच्या यादीत होत्या, त्या त्यांनी वरून खाली क्रमाने मागवल्या. नाना शेजारी आवळा सुपारी चघळत बसलेले.

"अगं, पुरे आता," ते म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या वाटचंही मलाच प्यायचंय," माई म्हणाल्या.

पुढे सहलीच्या प्रत्येक बैठकीत मी हा किस्सा सांगत असे. लोक हसत आणि पॅकेज घेत.

जेवणाच्या बाबतीत आपल्या लोकांची चूक वेगळीच असायची. बोटीवर जेवायच्या दोन मुख्य जागा असतात. वरच्या मजल्यावर बुफे असतो, तिथे आपलं ताट आपण वाढून घ्यायचं. खाली मोठा भोजनकक्ष असतो. पांढऱ्या चादरी, काचेचे पेले, तुमचं टेबल ठरलेलं, वाढणारा माणूसही ठरलेला. दोन्ही तिकिटातच असतात. पण खालच्या कक्षातल्या खाद्यपदार्थांच्या कार्डावर किमती छापलेल्या नसतात, आणि ज्या कार्डावर किंमत नाही तिथे पुणेकर बसत नाही. "नंतर सांगतील, मग काय करणार?" असं म्हणून आमचे लोक गाठोड्यासारखे बुफेत जाऊन बसायचे. सगळ्या सफरीतली उत्तम गोष्ट ते न चाखताच परत यायचे. कारण ठरलेल्या टेबलावरच्या त्या माणसाला दुसऱ्या दिवशी तुमचं पथ्य पाठ झालेलं असतं. उद्या काय हवं ते आज सांगितलं तर बिनकांद्याचं, कमी तिखटाचं, उपवासाचंही तो स्वयंपाकघरातून करवून आणतो. मला कोणी एकच गुपित विचारलं तर मी हे सांगते.

हे गुपित कामी आलं ते दत्तोबांच्या वेळी.

दत्तोबा वारज्याचे. पूर्वी तिथे त्यांची ऊस-ज्वारीची शेती होती. गाव शहरात आलं, शेतातून रस्ता गेला, उरलेल्यात इमारत उभी राहिली. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी अशा वेशात ते आमच्या ऑफिसात येऊन बसले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी भाव विचारतं. ह्यांनी विचारलं, "ताई, बोटीवर जेवन बसून असतंय का उभ्यानं?"

"दोन्ही असतं," मी म्हणाले.

"बसून असंल तिथं वाढतंय कोन?"

"वेटर असतात."

"मंग तेच पायजे," ते म्हणाले आणि थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग त्यांनी सांगितलं. "आमच्या हिच्याम्होरं कुनी ताट वाढून ठेवल्यालं म्या लगीन झाल्यापासनं पाह्यलं न्हाई. मागं ती आजारी पडली, दवाखान्यात न्हेली. नर्सबाईनं ताट आनून दिलं, तर म्हनती आधी ह्यांना द्या. सलाईन लावल्याली बाई, आन मला वाढती. तवा माझ्या ध्यानात आलं."

"मग एखाद्या चांगल्या हॉटेलात न्या की. त्यासाठी बोट कशाला?"

"हाटेलात न्हेली तर म्हनती घरी भाजी पडलीय. लगीनघरी न्हेली तर पदर खोचून वाढायला उठती. बोटीवरनं जाईल कुठं?" मग ते पुढे झुकून म्हणाले, "तिनं बसावं, गरम ताट तिच्याम्होरं यावं, आन गरम हाय तवर तिनं ते खावं. येवढं वसूल झालं का बाकी मला काय नको."

इतकी वर्षं मी लोकांना पैसे वसूल करून देत होते, पण अशी मागणी कोणी केली नव्हती. मला ते गृहस्थ एकदम आवडले. मी म्हणाले, "माझ्याकडे लागलं." बोलून गेले खरी, पण सुभद्राबाईंना मी तोवर पाहिलं नव्हतं.

बोटीवर चढल्यावर पहिलं दुपारचं जेवण बुफेत. तिथे त्या दिवशी मोठी झुंबड असते, कारण खोल्या तयार नसतात आणि सगळी बोट भुकेली असते. अशा वेळी दारातल्या पहिल्या टेबलाशी रांग लावायची नसते. पार टोकाला चालत जायचं, तिथे तेच पदार्थ असतात आणि माणूस नसतो. हे सांगायला मी आमच्या लोकांना शोधत होते, तर सुभद्राबाई दिसल्या. ठेंगण्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. पदर खोचलेला आणि दोन्ही हातांत भरलेली ताटं. त्यांना बुफे मी न सांगता समजला होता. दत्तोबांचं ताट झालं, मुलाचं, सचिनचं झालं, सुनेचं, रूपालीचं झालं. मग पाणी, मग दही, मग सचिनला आणखी भात. विश्रांतवाडीचं एक जोडपं आमच्याच ग्रुपमध्ये होतं, धड ओळखही झाली नव्हती, त्यांनाही त्यांनी जिलबी नेऊन दिली. सगळ्यांचं झाल्यावर सचिनच्या ताटात उरलेला भात त्यांनी कालवला आणि उभ्याउभ्याच चार घास खाल्ले.

दत्तोबांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, हे तर लगीनघरच झालं."

त्याच संध्याकाळी मी त्यांना खालच्या भोजनकक्षात नेलं. तिथे दोन पंगती असतात. पहिली लवकरची, दुसरी उशिराची. आमचं पहिल्या पंगतीचं टेबल होतं. ती चौघं आणि पाचवी मी. वाढणारा होता प्रेम नावाचा नेपाळकडचा माणूस, तिशीचा, हसरा, पाठीमागे हात बांधून उभा राहणारा. त्याला हिंदी येत होतं, हे आमचं नशीब.

तिथली पद्धत अशी की पहिली बशी बायकांसमोर, त्यातही वडीलधाऱ्या बाईसमोर ठेवायची. प्रेमने वाफाळतं सूप सुभद्राबाईंपुढे ठेवलं. त्यांनी ते उचलून दत्तोबांपुढे सरकवलं. प्रेमने दुसरं ठेवलं, ते सचिनकडे गेलं. तिसरं रूपालीकडे, चौथं माझ्याकडे. पाचवं पुढे सरकवायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी त्यावर पावाची बशी झाकली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

आमचं पिऊन झालं. प्रेम उभाच. सचिन इकडेतिकडे पाहू लागला. "पुढचं काही येणारे की नाही, ताई?"

आता इथला दुसरा नियम सांगायला हवा. अशा ठिकाणी पूर्ण टेबलाचं एकदम चालतं. एकाची बशी जरी भरलेली असली तरी बाकीच्यांच्या रिकाम्या बश्या उचलत नाहीत, आणि पुढचा पदार्थ आणत नाहीत. मागे राहिलेल्या माणसाला आपण मागे राहिलो असं वाटू नये, हा त्यातला हेतू. मी ते सांगितलं.

"आई, घे ना पिऊन," सचिन म्हणाला.

"तुमचं होऊ द्या."

"आमचं झालंय."

"कुठं झालंय? आत्ताशी तर पयलंच आलंय. समदं होऊ द्या, मंग मी हायेच की."

म्हणजे त्या शेवटचा पदार्थ आल्यावर पहिला खाणार, आणि त्यांनी पहिला खाल्ल्याशिवाय शेवटचा येणार नाही. आपापल्या जागी दोघांचंही बरोबर होतं. मी बरीच वर्षं ग्रुप नेले, विमानतळांवर भांडले, एकदा परक्या देशात पोलिसांशीही हुज्जत घातली, पण अशी कोंडी माझ्यासमोर आली नव्हती. शेवटी मी प्रेमला खूण केली. त्याने नाइलाजाने त्यांचं न शिवलेलं सूप उचललं. पुढच्या प्रत्येक पदार्थाला हेच झालं. पंगत उठायच्या वेळी सुभद्राबाईंनी गारढोण भात थोडासा खाल्ला आणि म्हणाल्या, "जेवन चांगलं हाय हां हितलं."

सकाळी रूपाली मला डेकवर भेटली. ती बँकेत नोकरी करायची, शांत मुलगी. ती म्हणाली, "ताई, आई ऐकायच्या नाहीत. घरी त्या तव्यापाशी उभ्या असतात. एकेक भाकरी उतरली की माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या ताटात, मग ह्यांच्या. अण्णांना गारमटलेली भाकरी चालत नाही. सगळ्यांचं झालं की आम्ही दोघी बसतो. मला ऑफिसला उशीर होतो, पण त्या उभ्या असताना मी कशी बसणार?"

"तू कधी बोलली नाहीस?"

"काय बोलणार? त्या काही त्रास आहे असं म्हणतच नाहीत."

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच सुरू झालं. सूप आलं, झाकलं गेलं, आमचं संपलं. प्रेम पाठीमागे हात बांधून उभा. आता सचिन वैतागला होता, दत्तोबा टेबलावरच्या चादरीकडे पाहत होते, आणि मला माझ्या शब्दाची काळजी लागली होती. एवढ्यात सुभद्राबाईंनी मान वर करून प्रेमकडे पाहिलं आणि आपल्या हिंदीत विचारलं, "कवापासनं उभा है रे तू. तू जेवला क्या?"

प्रेम हसला. "आप लोगों का हो जाए, फिर, माताजी."

"फिर म्हंजी कवा?"

"दूसरी पंगत लगने से पहले थोड़ा टाइम मिलता है. उसी में खा लेते हैं." पंगत हा शब्द त्याने आमच्याकडूनच उचलला होता.

सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं की आपली पंगत उठली की ह्याला सगळी टेबलं पुसून दुसऱ्या पंगतीसाठी मांडायची असतात. आपण वेळेत उठलो तर मधे ह्याला दोन घास मिळतात. नाहीतर दुसरी पंगतही उपाशीपोटी वाढायची.

"आन काल?" त्यांनी विचारलं.

प्रेमने मान हलवली. "कल नहीं हुआ. कोई बात नहीं, माताजी, चलता है."

त्यांनी मग सूपावरची बशी काढली, चमचा बाजूला ठेवला, वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि गरम सूप घोटाघोटाने पिऊन टाकलं. रिकामी वाटी प्रेमच्या हातात देत म्हणाल्या, "चल, आन पुढचं. वाढप्याला उपाशी ठेवत्यात व्हय कुठं?"

त्यांच्या गावी लग्नकार्यात वाढणारे शेवटी जेवतात हे त्यांना माहीत होतं. त्या जन्मभर त्यातच होत्या. पण आपल्यामुळे दुसरा वाढपी उपाशी राहिलेला त्यांना खपला नाही. स्वतःसाठी त्यांनी काही ऐकलं नसतं, हे मला तेव्हा कळलं, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं.

त्यानंतर आमच्या टेबलाचं चित्रच बदललं. सुभद्राबाई सगळ्यांच्या आधी जेवून मोकळ्या व्हायच्या आणि बाकीच्यांच्या मागे लागायच्या. सचिन काही गप्पा सांगू लागला की म्हणायच्या, "आटप की रं, त्या पोराला जेवायचंय." मी आइस्क्रीम निवडत बसले तर मलाही दटावायच्या. भोजनकक्षाच्या प्रमुखाने येऊन विचारलं की आमचं टेबल एवढं लवकर कसं उठतं, जेवणात काही कमी आहे का. मी म्हटलं, कमी काही नाही, आमच्यात एक पर्यवेक्षक आहेत.

दत्तोबांना विचारलं, "काय, झालं का वसूल?"

"गरम खाती, पर पळत्या गाडीत बसल्यावानी खाती," ते म्हणाले. "निवांत कुठं?"

त्यांचं बरोबर होतं. पण ते मी प्रेमला सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून पाहिलं असावं. एक दिवस बोट कुठल्याच बंदराला लागत नाही, नुसती पाण्यावर असते. त्या दिवशी दुपारीही भोजनकक्ष उघडा असतो आणि दुपारी एकच पंगत असते. बरेच लोक बुफेत जातात, इथे शांतता असते. क्रूझवरचं सगळ्यात चांगलं जेवण हेच, हेही मी सगळ्यांना सांगते. प्रेमने सकाळीच निरोप दिला, "माताजी को दोपहर में लाइए."

गेल्यावर त्याने सुभद्राबाईंची खुर्ची मागे ओढली आणि म्हणाला, "आज दूसरी पंगत नहीं है, माताजी. मैं खाके आया हूँ. आराम से."

"खरं सांग," त्या म्हणाल्या.

त्याने पोटावर हात फिरवून दाखवला. त्यांनी त्याला नीट निरखून पाहिलं, मग बसल्या. त्याने त्यांच्यापुढे नुकत्याच भाजलेल्या छोट्या पावांची टोपली ठेवली, वर रुमाल झाकलेला. त्यांनी एक पाव उचलला, तो हाताला चटका देत होता. तोडला, आतून वाफ निघाली. त्यावर लोणी लावून त्यांनी घास घेतला आणि हळूहळू चावत राहिल्या. आजूबाजूला कोणाला काय हवं आहे हे पाहायचं त्या प्रथमच विसरल्या होत्या. तो पाव संपल्यावर त्यांनी प्रेमकडे पाहून जरा संकोचून विचारलं, "आनखी एक मिळंल का?"

प्रेमने दुसरी टोपलीच आणली. त्यांनी दुसरा पाव तोडला, एक घास खाल्ला आणि आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता म्हणाल्या, "भाकरी गरम असली का अशी लागती व्हय."

त्यात तक्रार नव्हती. एखादी नवी चव कळल्यावर माणूस बोलतो तसं त्या बोलल्या. पण त्या बाईने तव्यावरून किती भाकऱ्या उतरवल्या असतील याचा विचार टेबलावर सगळ्यांच्याच मनात आला असावा. रूपालीने मान खाली घातली. दत्तोबांनी हातातला चमचा बशीत ठेवला आणि त्यानंतर ते त्या दुपारी काही जेवले नाहीत.

नंतर ते डेकवर माझ्याशेजारी येऊन कठड्याला धरून उभे राहिले. पाण्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "ताई, येवढ्या मानसांचं एकदम गरम कसं काय जमतं ह्यांना?"

मी सांगितलं. रांधणारे वेगळे, ताट भरणारे वेगळे, वाढणारे वेगळे. भरलेली ताटं उबेच्या कपाटात ठेवतात आणि सगळ्यांची एकदम बाहेर काढतात. जो रांधतो त्याला वाढायचं नसतं आणि जो वाढतो त्याला चुलीपाशी जायचं नसतं.

"म्हंजी एकाच मानसानं भाजायचं आन त्यानंच वाढायचं म्हटलं, तर त्याला बसता येनारच न्हाई."

"नाही येणार."

"आपल्याला गरम पायजे म्हटल्यावर कुनीतरी उभं पायजे," ते म्हणाले. ते स्वतःशीच बोलत होते.

उतरायच्या दिवशी सुभद्राबाईंनी प्रेमला शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली. वारज्याहून निघताना बांधून घेतलेली आणि बॅगेत तशीच राहिलेली. "भाताबरुबर खा," त्या म्हणाल्या, "आन वेळेवर खा." दत्तोबांनी त्याचे दोन्ही हात हातात धरले. बक्षिसाची रक्कम बोटीवर आपोआप कापली जाते, पण आपल्या माणसाला हातात काही द्यावं आणि अभिप्रायाच्या कागदावर त्याचं नाव लिहावं, कारण त्या नावावर त्याची बढती ठरते. आमच्या टेबलाने दोन्ही केलं. पुढच्या वर्षी मी त्या बोटीवर गेले तेव्हा प्रेम तिथे नव्हता. कोणी म्हणालं दुसऱ्या बोटीवर गेला, कोणी म्हणालं गावी परतला. मला त्याला वारज्याची हकिकत सांगायची होती, ती राहूनच गेली.

ती हकिकत अशी. सहलीनंतर काही दिवसांनी दत्तोबांचा फोन आला, "ताई, रयवारी जेवायला या." मी गेले. पूर्वी शेत होतं तिथे आता त्यांचा बंगला आहे, समोर इमारत, खाली दुकानं. आत मोठं जेवणाचं टेबल होतं. त्याच्या दोन खुर्च्यांवर बहुधा नेहमी वर्तमानपत्रं आणि इस्त्रीचे कपडे असत, कारण ते आता जमिनीवर एका कोपऱ्यात ठेवलेले दिसले. टेबलावर पाच ताटं मांडलेली, वांग्याची भाजी, पिठलं, कांदा, ठेचा. मध्ये दुरडी, त्यात कापडात गुंडाळलेल्या भाकऱ्या.

दत्तोबा, सचिन, रूपाली आणि मी बसलो. कोणी जेवायला सुरुवात करेना. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"अवो, बसा की खायला," सुभद्राबाई आतून म्हणाल्या. "दुरडीतल्या गार होतील."

"होऊ द्यात," दत्तोबा म्हणाले.

"पाव्हन्या आल्यात. त्यांना तरी गरम वाढू द्या."

"पाव्हन्यांनी बोटीवर लई गरम खाल्लंय. टेबल पुरं झाल्याबिगर हितं जेवन सुरू व्हायचं न्हाई."

रूपाली माझ्या कानाशी म्हणाली, "आल्यापासून रोज असंच चाललंय. पहिल्या दिवशी आई रुसून बसल्या होत्या. अण्णा तसेच बसून राहिले, ताटाला हात लावला नाही. त्यांना उपाशी ठेवणं आईंना जमेना." मग जरा हसून म्हणाली, "मी आता बँकेत वेळेवर पोचते."

"आलेच," म्हणत सुभद्राबाई आल्या. पदराने कपाळ पुसत, हातात तव्यावरून आत्ताच उतरलेली शेवटची भाकरी, पापुद्रा टम्म फुगलेला. सवयीने त्यांचा हात दत्तोबांच्या ताटाकडे गेला. दत्तोबांनी त्यांच्याकडे न पाहता दुरडीतली खालची, सगळ्यात आधी भाजलेली भाकरी काढून स्वतःच्या ताटात घेतली आणि म्हणाले, "ती तुझी. शेवटची भाजनाऱ्याची."

"गार झाली असंल ओ ती. तुम्हाला चालत न्हाई."

"आता चालतीय."

त्या बसल्या. फुगलेला पापुद्रा बोटाने फोडला, वाफ वर आली. एक तुकडा मोडला, पण तोंडात घालायच्या आधी त्यांनी भाकरीचा अर्धा भाग वेगळा केला आणि दत्तोबांच्या ताटाकडे हात पुढे केला. पंगतीत पोट भरलेला माणूस वाढप्याला नको म्हणताना करतो तसा दत्तोबांनी ताटावर हात आडवा धरला.

"बास, माझं झालं," ते म्हणाले. त्यांनी अजून एकही घास घेतलेला नव्हता.